पोहोच आणि पोचपावती : डिजिटल प्रसाराविषयीचे काही गैरसमज

संगणक आणि मोबाइल यांच्या आधारे आपले कार्य, वस्तू किंवा पुस्तक लोकांसमोर नेणे आणि त्यातून देणगीदार, ग्राहक वा वाचक मिळवणे, या साऱ्या खटाटोपाला ‘डिजिटल मार्केटिंग’ असे म्हटले जाते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो; तालुक्याच्या गावी काम करणारी स्वयंसेवी संस्था, घरून एकट्याने व्यवसाय चालवणारी व्यक्ती आणि स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणारा लेखक यांच्याकडे मात्र प्रसार करणारा, पैसे स्वीकारणारा, पावती फाडणारा आणि हिशेब लिहिणारा हात बहुधा एकच असतो. मराठीत ‘पोहोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एखादी गोष्ट जिथवर जाते तो पल्ला, आणि ती मिळाल्याची कबुली, म्हणजेच पोचपावती. डिजिटल प्रसाराविषयीचे बहुतेक गैरसमज पहिल्या अर्थावर नजर खिळल्यामुळे आणि दुसरा अर्थ नजरेआड झाल्यामुळे निर्माण झालेले दिसतात.

गैरसमज १ : फेसबुक पानाचे जितके अनुयायी, तितक्या लोकांपर्यंत मजकूर पोहोचतो.

वस्तुस्थिती : अनुयायांची संख्या आणि प्रत्यक्ष पोहोच यांचा संबंध सैल आहे. कोणता मजकूर कोणाला आणि कोणत्या क्रमाने दाखवायचा, हे फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची गणनपद्धती, म्हणजे ‘अल्गोरिदम’, ठरवते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि त्यामुळे संस्था व व्यवसाय यांच्या पानांवरील मजकूर पैसे न मोजता दिसण्याचे प्रमाण घटले. पैसे भरून मजकूर ‘बूस्ट’ करता येतो. परंतु वार्षिक कार्यक्रमाच्या छायाचित्राला मिळालेल्या पसंतीच्या खुणा वाढल्या, एवढ्याने देणगीदार वाढत नाहीत, कारण पसंती नोंदवणाऱ्याला पुढे काय करायचे हे सांगणारा दुवाच पुष्कळदा त्या मजकुरात नसतो. शिवाय पान संस्थेचे असले तरी जागा कंपनीची असते, आणि खाते बंद पडले तर अनुयायांची यादी काढून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून समाजमाध्यम हा लोकांना स्वतःच्या संकेतस्थळापर्यंत आणणारा रस्ता मानावा आणि संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे ‘डोमेन’, ते बनवून देणाऱ्या ओळखीच्या तरुणाच्या नव्हे तर संस्थेच्या अथवा लेखकाच्या स्वतःच्या नावावर नोंदवलेला असावा. अन्यथा नूतनीकरणाच्या वेळी त्या तरुणाचा शोध घेण्याची पाळी येते.

गैरसमज २ : व्हॉट्सॲपचा गट केला की प्रसाराचे काम झाले.

वस्तुस्थिती : गटात प्रत्येक सदस्याचा दूरध्वनी क्रमांक इतर सर्वांना दिसतो, आणि व्यसनमुक्ती, कौटुंबिक हिंसा किंवा दुर्धर आजार अशा क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्थेच्या बाबतीत केवळ गटात असणे हीसुद्धा खासगी माहिती ठरू शकते. त्याऐवजी ‘ब्रॉडकास्ट’ यादी वापरली, तर एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो; मात्र अशा एका यादीत २५६ पर्यंतच क्रमांक बसतात आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. त्यामुळे कार्यक्रमाच्या ठिकाणी उपस्थितांचे क्रमांक लिहून घेण्याइतकेच, संस्थेचा क्रमांक त्यांना त्याच वेळी जतन करायला सांगणे महत्त्वाचे असते. क्रमांक घेताना तो कशासाठी वापरला जाईल हे सांगून संमती नोंदवणे हा निव्वळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती ही व्यक्तिगत माहिती वापरण्याची मुख्य अट मानली आहे.

गैरसमज ३ : ईमेल कालबाह्य झाला आहे, वापरायचाच तर यादी जितकी मोठी तितकी चांगली.

वस्तुस्थिती : ईमेलची यादी कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नसते आणि एका सेवेकडून दुसरीकडे हलवता येते, म्हणूनच ती टिकाऊ आहे, परंतु तिचा आकार हे तिचे बळ नव्हे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही व्यवस्था आवश्यक ठरल्या. एखाद्या डोमेनच्या नावाने संदेश पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे हे पहिली व्यवस्था सांगते, संदेश वाटेत बदललेला नाही याची खूण दुसरी जोडते, आणि या तपासण्यांत नापास झालेल्या संदेशाचे काय करायचे हे तिसरी ठरवते. त्याचबरोबर प्रचारात्मक संदेशातून एका कळीसरशी नाव काढून घेण्याची सोय असावी आणि संदेश नकोसा असल्याची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या, म्हणजे हजारी तिघांच्या, आत राहावे, अशीही अपेक्षा आहे. जुन्या संमेलनाच्या नोंदवहीतून उतरवलेले पत्ते, न विचारता, यादीत घातले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि खऱ्या वाचकांचे संदेशही नकोशा टपालाच्या खणात जाऊ लागतात.

किती जणांनी ईमेल उघडला, हा आकडाही आता भरवशाचा उरलेला नाही. संदेशातील एक अदृश्य चित्र केव्हा उतरवले गेले यावरून तो काढला जात असे. पण सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे अशी चित्रे वाचकाने संदेश न उघडताही आधीच उतरवली जातात. म्हणून उघडण्यापेक्षा उत्तरे, दुव्यावरील भेटी आणि प्रत्यक्ष देणग्या वा मागण्या मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

गैरसमज ४ : मराठी मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, म्हणून संकेतस्थळ इंग्रजीतच हवे.

वस्तुस्थिती : दोष भाषेचा नसून पुष्कळदा टंकाचा असतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा निश्चित क्रमांक आहे; युनिकोडपूर्व काळातील टंकांमध्ये मात्र संगणक आत रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवतो आणि पडद्यावर तेवढा देवनागरी आकार दाखवतो. परिणामी अशा टंकातील जुना अहवाल किंवा पुस्तकाचा मजकूर संकेतस्थळावर चिकटवला, की वाचकाला आणि शोधयंत्राला निरर्थक चिन्हांची रांग मिळते. युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालून, तो मजकूर पुन्हा उभा करता येतो. दुसरी अडचण मजकूर चित्रात कोंडण्याची आहे. व्याख्यानाचे स्थळ, वेळ आणि विषय केवळ रंगीत फलकाच्या चित्रात असतील, तर त्याच ओळी चित्राखाली टंकित केल्याशिवाय शोधात त्या सापडण्याचा भरवसा नसतो, आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीलाही त्या कळत नाहीत. मराठी वाचक रोमन लिपीतूनही मराठी शब्द शोधतात, त्यामुळे लेखकाचे, संस्थेचे आणि पुस्तकाचे नाव दोन्ही लिप्यांत, प्रत्येक ठिकाणी एकाच लेखनाने, देणे हिताचे असते.

गैरसमज ५ : देणगीसाठी क्यूआर कोड लावला की पुरे, पैसा कोठूनही आला तरी चालतो.

वस्तुस्थिती : २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे दहा रुपयांची देणगीही विनासायास जमा होते, परंतु बँकेच्या उताऱ्यावर देणगीदाराचा पत्ता आणि पॅन उमटत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जीखाली मान्यता असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम यांचे विवरण ‘१०बीडी’ या नमुन्यात, वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत, भरणे बंधनकारक झाले आणि त्यावरूनच देणगीदाराला ‘१०बीई’ हे प्रमाणपत्र मिळू लागले. विवरणास उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क ठेवण्यात आले. क्यूआर कोडच्या शेजारी ही माहिती भरण्याचा छोटा अर्ज नसेल, तर मे महिन्यात कार्यवाहांना अनोळखी नोंदींमागची माणसे शोधत बसावे लागते. शिवाय देणगीदाराची ओळखच नोंदवलेली नसेल, तर ठरावीक मर्यादेपलीकडील निनावी देणग्यांवर धर्मादाय संस्थेला ३० टक्के दराने कर भरावा लागतो.

‘देणगीवर करसवलत’ हे आवाहनातील ठरलेले वाक्यही जपून वापरावे लागते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून व्यक्तींसाठी आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही. तेव्हा अनेक पगारदार देणगीदारांच्या दृष्टीने हे वाक्य पोकळ ठरते, आणि पैशाचे नेमके काय झाले हे सांगणारे पत्र त्यांना अधिक बांधून ठेवते.

परदेशस्थ मराठी माणसांच्या देणग्यांबाबत तर गैरसमज महागात पडतो. २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्यानुसार देणगी परकीय आहे की नाही हे चलनावरून नव्हे, तर देणाऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरते. भारतीय पारपत्र धारण करणारी, न्यू जर्सीत राहणारी व्यक्ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवते, तेव्हा ते परकीय अंशदान मानले जात नाही. तिच्याच शेजारी राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी व्यक्तीने पुण्याच्या मुक्कामात रुपयांत दिलेली रक्कम मात्र परकीय ठरते, मग त्या व्यक्तीकडे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ‘ओसीआय’ पत्र असले तरीही. अशी रक्कम नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील विशेष खात्यातच घ्यावी लागते. त्यामुळे ‘आपण भारताचे नागरिक आहात काय?’ हा प्रश्न देणगीच्या अर्जात सर्वांत वर असणे आवश्यक आहे.

गैरसमज ६ : गूगल संस्थांना दरमहा लाखो रुपये देते.

वस्तुस्थिती : गूगल पात्र संस्थांना दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिरातींची सोय देते, रोख रक्कम नव्हे, त्या जाहिराती शोधाच्या निकालांत दिसणाऱ्या, शब्दरूप असतात आणि शासकीय कार्यालये, रुग्णालये व शाळा या योजनेत बसत नाहीत. जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किमान ५ टक्क्यांनी तिच्यावर कळ दाबावी, अशी अट असल्याने ‘समाजसेवा’ यांसारख्या पसरट शब्दांपेक्षा लोक खरोखर शोधतात ते नेमके शब्द निवडावे लागतात. कळ दाबणारा जिथे उतरतो ते पानच कच्चे असेल, तर फुकट जाहिरातीचाही उपयोग होत नाही.

गैरसमज ७ : आयएसबीएन घेतला की पुस्तकाचा हक्क सुरक्षित होतो, आणि ई-पुस्तक चढवले की वाचक आपोआप मिळतात.

वस्तुस्थिती : आयएसबीएन हा आवृत्ती ओळखण्याचा तेरा अंकी क्रमांक आहे, भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि छापील व ई-आवृत्तीसाठी तो वेगवेगळा घ्यावा लागतो. लेखनहक्काशी त्याचा संबंध नाही. १९५७ च्या कायद्यानुसार हा हक्क लेखन सिद्ध होताच निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ई-पुस्तकाबाबत करार वाचण्याची सवय उपयोगी पडते. किंडलवरील भारतीय विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत पुस्तक नोंदवावे लागते, एरवी ते ३५ टक्के असते. आणि त्या योजनेत असताना ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत तेच लेखन डिजिटल स्वरूपात अन्यत्र, उदाहरणार्थ ‘प्रतिलिपी’ या वाचन-लेखनाच्या मंचावर, ठेवता येत नाही. आपले वाचक नेमके कोठे आहेत हे आधी ठाऊक असल्याशिवाय यांतील कोणता पर्याय लाभाचा, हे लेखकाला ठरवता येत नाही.

गैरसमज ८ : इन्स्टाग्रामवरची घरगुती विक्री हा व्यवसाय नव्हेच, आणि नोंदणी म्हणजे खर्च.

वस्तुस्थिती : छोट्या उद्योगांसाठीची, २०२० पासूनची ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे विनाशुल्क आहे, आणि शासकीय भासणाऱ्या ज्या संकेतस्थळांवर तिच्यासाठी पैसे मागितले जातात ती खासगी असतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये वार्षिक उलाढाल अशी असली, तरी करपात्र वस्तू राज्याबाहेर विकताना ती सहसा लागू होत नाही. कोल्हापुरातून काळा मसाला इंदूरच्या ग्राहकाला धाडणाऱ्या उद्योजिकेला, उलाढाल कितीही लहान असो, ही नोंदणी आणि त्याखेरीज अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पाहावी लागते. छापील पुस्तके मात्र या करातून मुक्त आहेत.

या साऱ्या बाबींतून असे दिसते की, छोट्या हातांसाठी प्रसार आणि कारभार ही दोन कामे नसून एकाच वहीची दोन पाने आहेत. समोरची व्यक्ती कोण, तिने कशासाठी संमती दिली, तिने काय दिले वा घेतले आणि तिला पोच केव्हा गेली, एवढे चार रकाने साध्या तक्त्यात नियमाने भरले, तर त्याच तक्त्यातून ईमेलची यादी निघते, मे महिन्यातले विवरण निघते आणि पुढच्या आवृत्तीच्या किती प्रती छापाव्यात याचा अंदाजही निघतो. असा तक्ता भरण्यास आठवड्याचा एखादा तास पुरतो, आणि तो तास नवा मजकूर किंवा चित्र तयार करण्यापूर्वी राखून ठेवणे हे या कामातील पहिले पाऊल होय.