जातिवंत कुत्र्यांची पैदास : आरंभ करण्यापूर्वीं

गेल्या दिवाळीच्या सुटींत एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. त्यांच्या घरीं एक सुरेख कारवानी कुत्री आहे. तिला पिलें व्हावींत, आणि तीं विकून मुलाच्या पुढील शिक्षणास कांहीं हातभार लागावा, असा वडिलांचा विचार होता. आरंभ कसा करावा, हें त्यांना आमच्याकडून समजून घ्यावयाचें होतें. कारण कुत्रे पाळण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत. त्या दिवशीं तासभर जें बोलणें झालें, तेंच थोडें व्यवस्थित मांडून विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या पुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम 'जातिवंत' या शब्दाचा अर्थ पाहूं. ज्या कुत्र्याचे आईबाप व आजेपणजे एकाच जातीचे असून त्यांची लेखी नोंद आहे, तो जातिवंत. अशा नोंदी ठेवण्यासाठीं इंग्लंडांत १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला. आपल्या देशांत हें काम चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते. परंतु वंशावळीचा कागद म्हणजे केवळ कुळाचा दाखला होय. शाळेच्या दाखल्यावर मुलाचें नांव व जन्मतारीख असते. तेवढ्यावरून मुलगा उद्योगी कीं आळशी, निरोगी कीं रोगी, हें कळत नाहीं. कुत्र्याच्या कागदाचेंही तसेंच आहे.

दुसरा प्रश्न जातीचा. कारवानी कुत्रा हा आपल्या दक्षिण महाराष्ट्राचा व उत्तर कर्नाटकाचा जुना सोबती. अंगानें सडपातळ, छाती खोल, पाय लांब, आणि नजर अशी तीक्ष्ण कीं वासापेक्षां डोळ्यांनींच तो सावजाचा माग काढतो. बागलकोट जिल्ह्यांतील मुधोळ येथील संस्थानिक राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीस आश्रय दिला. म्हणून तिला मुधोळ हाउंड असेंही म्हणतात. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें या कुत्र्याचें चित्र तिकिटावर छापलें. पूर्वीं सशाच्या शिकारीसाठीं त्याला पाळीत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तशी शिकार करणें हा गुन्हा झाला आहे. म्हणजे ज्या कामासाठीं पिढ्यान्‌पिढ्या हा कुत्रा निवडला गेला, तें काम बंद झालें. पण धांवण्याची त्याची गरज मात्र कायम आहे. शहरांतील दोन खोल्यांत दिवसभर कोंडून घातलेला कारवानी कुत्रा सुखी राहत नाहीं. पैदास करूं इच्छिणाऱ्यानें आपल्या जातीची ही गरज ओळखली पाहिजे. कारण पिलें कोणत्या घरांत शोभतील, हें पुढें त्यालाच ठरवावयाचें असतें.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें, कीं आरंभ पिलांपासून करूंच नये. निदान दोन तीन वर्षें एक कुत्रा चांगला पाळावा. त्याचें खाणें, व्यायाम, आजार, स्वभाव हें सर्व अनुभवावें. प्रदर्शनें पाहावींत. त्या जातीची प्रामाणिकपणें जोपासना करणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे वारंवार जाऊन बसावें, आणि त्यानें कोणतीं कुत्रीं पैदाशीसाठीं ठेवलीं यापेक्षां कोणतीं वगळलीं व कां वगळलीं, हें विचारावें.

त्यानंतर जोडीची निवड. मादी सुंदर आहे एवढें पुरत नाहीं. ती निरोगी व शांत स्वभावाची हवी. भित्र्या किंवा अंगावर धांवून येणाऱ्या आईचीं पिलें पुष्कळदां तिच्यासारखींच निघतात. अल्सेशियन व लॅब्राडोर या जातींत कमरेचा सांधा वाढीच्या काळांत सदोष होण्याचा संभव असतो, म्हणून दोन वर्षांच्या सुमारास क्ष-किरणांनीं तो तपासून घेतात. नर व मादी या दोघांचीही ब्रुसेला या रोगासाठीं रक्ततपासणी व्हावी. त्यानें गर्भपात होतात, आणि तो माणसासही होऊं शकतो.

जवळच्या नात्यांत जोडी कां लावूं नये, हें शास्त्र शिकणाऱ्या मुलांना सहज कळेल. मेंडेलनें वाटाण्यांवर केलेले प्रयोग आठवावेत. प्रत्येक प्राण्याला एक अंश आईकडून व एक बापाकडून मिळतो. कित्येक दोष असे असतात कीं एकच सदोष अंश असला तर ते बाहेर दिसत नाहींत. कुत्रा धडधाकट दिसतो, परंतु दोष त्याच्या पोटीं दडलेला असतो. असे दोन कुत्रे एकत्र आले म्हणजे प्रत्येक पिलाला तो रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. भावंडांत एकच दडलेला दोष असण्याची शक्यता अधिक. म्हणून तशी जोडी अनिष्ट.

कायदाही जाणून घ्यावा. केंद्र सरकारनें २०१७ सालीं कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीं नियम केले. त्यांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. अठरा महिने पुरे होण्यापूर्वीं व आठ वर्षांनंतर मादीकडून पिलें घेऊं नयेत. बारा महिन्यांत एकाहून अधिक वेत नको, आणि सर्व आयुष्यांत पांचांहून अधिक नकोत. आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं पिलूं विकूं नये. हीं शेवटची मर्यादा होय; सज्जन मनुष्य तिच्या पुष्कळ अलीकडेच थांबतो.

मादी गाभण राहिल्यावर सुमारें त्रेसष्ट दिवसांनीं विते. तिच्या अंगाची उष्णता एरव्हीं १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ती ९९ च्या खालीं उतरली, म्हणजे बहुधा चोवीस तासांत पिलें होतात. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलूं बाहेर न आलें, किंवा पहिल्या पिलापूर्वींच हिरवट स्राव दिसला, तर क्षणाचाही विलंब न करतां पशुवैद्यास गांठावें. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास कारवानीसारख्या सडपातळ जातीला भुलीचीं कांहीं औषधें सोसत नाहींत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आणून द्यावी. त्या रात्रीं वैद्य कोठें भेटेल व पैसे कोठून येतील, याची सोय आधींच केलेली असावी. एका शस्त्रक्रियेनें सर्व पिलांचा नफा नाहींसा होतो. आणि कधीं कधीं आईच हातची जाते. ज्याला ही शक्यता सोसवणार नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये.

नवजात पिलांना स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. म्हणून जागा उबदार व कोरडी हवी. रोज वजन करावें; वजन वाढत नसलें तर तें संकटाचें पहिलें चिन्ह समजावें. दहा ते चौदा दिवसांनीं डोळे उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचें औषध द्यावें, चौथ्याच्या सुमारास मऊ अन्न चालू करावें, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस टोचावी. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचा काळ विशेष मोलाचा. याच काळांत पिलूं माणसांची, मुलांची, भांड्यांच्या आवाजाची व इतर कुत्र्यांची ओळख करून घेतें. आपल्या भावंडांना खेळतांना जोरानें चावूं नये, हेंही तें आई व भावंडें यांच्याकडूनच शिकतें.

हें आम्हीं पुस्तकांतून नव्हे, आपल्या चुकीमुळें शिकलों. फार वर्षांपूर्वीं आमच्या कुत्रीला सहा पिलें झालीं. एका परिचित गृहस्थांनीं फार आग्रह केला, म्हणून एक पिलूं पांचव्या आठवड्यांतच देऊन टाकलें. तुमच्याकडे जागा किती, घरीं कोण असतें, हें आम्हीं विचारलेंसुद्धां नाहीं. वर्षभरानें त्यांच्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां तो कुत्रा परसांत हातभर साखळीला बांधलेला दिसला. तो माणसांना चावत असे, म्हणून त्याला कोणी सोडीत नव्हतें. आणि सोडीत नव्हते म्हणून तो अधिकच चावत असे. ते गृहस्थ निर्दय नव्हते. त्यांना कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें, आणि सांगण्याचें काम आमचें होतें. त्याला आम्हीं घरीं आणलें. तो पुढें नऊ वर्षें आमच्यापाशीं राहिला. परंतु अनोळखी माणूस दारांत आला कीं शेवटपर्यंत तो थरथर कांपत असे.

तेव्हांपासून आमचा एक नियम आहे. पिलूं देतांना आम्ही लिहून देतों कीं कोणत्याही कारणानें तें नकोसें झालें तर केव्हांही परत आणावें; दुसऱ्यास देऊं नये, रस्त्यावर सोडूं नये. आपल्या शहरांतून व खेड्यांतून बेवारशी कुत्र्यांची कमतरता नाहीं. त्यांत आपण भर घालूं नये. आणि ज्या मादीकडून पिलें घ्यावयाचीं नाहींत, तिची वेळीं शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

हें सर्व ऐकून त्या विद्यार्थ्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, "पण मग यांत राहतें काय?" आम्हीं म्हटलें, "पैसा बहुधा राहत नाहीं. आपल्या हातून एका चांगल्या जातीचे चार निरोगी जीव चांगल्या घरीं गेले, एवढें समाधान राहतें. तें पुरेसें वाटत असेल तर अवश्य करा. शिक्षणाच्या खर्चासाठीं मात्र दुसरी वाट पाहा."

पंधरा दिवसांनीं तो मुलगा शाळेंत भेटला. "यंदा पिलें नाहींत," तो म्हणाला. "आधीं तिची तपासणी करणार आहों. आणि जे लोक पिलूं नीट सांभाळतील, त्यांचीं नांवें मीं वहींत लिहावींत, असें बाबांनीं सांगितलें आहे. सहा नांवें झाल्याशिवाय पुढचें कांहीं नाहीं." किती झालीं, असें आम्हीं विचारलें. त्यानें वही उघडून दाखविली. दोन नांवें होतीं, आणि त्यांतलें एक खोडलेलें होतें. त्या घरीं दिवसभर कोणी नसतें, असें त्याला चौकशींत कळलें होतें.

आमच्या मतें त्या मुलाचा आरंभ उत्तम झाला आहे.