अध्यापन आणि ग्रंथस्वामित्व

सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीच्या जोडीने मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. तेथील एखाद्या शिक्षकाने मुलांसाठी वाचनपाठांची पुस्तिका तयार करावयाचे मनात आणले, असे समजू या. एक कविता, एक गोष्ट, एका गुजराती निबंधाचा अनुवाद आणि दोन-चार चित्रे, एवढाच त्याचा संसार. हेतू निर्मळ, कमाईची अपेक्षा नाही. मग दुसऱ्याचे लेखन घेण्यास आडकाठी कसली, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुलाला जसा शिकण्याचा हक्क आहे, तसाच लेखकाला आपल्या श्रमाच्या फळावर हक्क आहे. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम 1957 चा कॉपीराइट कायदा करतो.

वर्गात शिकवीत असता शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग नव्हे. प्रश्नपत्रिकेत उतारा घेणे हेही क्षम्य आहे. दिल्ली विद्यापीठातील अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स प्रतींचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने हीच सवलत उदारपणे लावली. किती पाने घेतली यापेक्षा अध्यापनासाठी तेवढी घेणे आवश्यक होते काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

पुस्तिका छापून प्रसिद्ध करावयाची म्हटली, की नियम कडक होतो. असा संग्रह खरोखर शिक्षणासाठीच असावा आणि त्याच्या नावात तसे सांगितलेले असावे. त्यातील बहुतेक मजकूर हक्कमुक्त असावा. हक्क असलेल्या साहित्यातून केवळ छोटे उतारे घ्यावेत. आणि एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनांहून अधिक उतारे घेऊ नयेत. जे पुस्तक मुळातच अध्यापनासाठी प्रसिद्ध झाले, त्यातील उताऱ्यास ही सवलत नाही. चित्रांनाही ती नाही. चित्रकाराची परवानगी हवीच.

हक्कमुक्त काय, हे ठरविणे अवघड नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 2011 पासून सर्वांना खुले आहे. कुसुमाग्रज 1999 साली गेले. त्यांच्या कविता 2059 अखेरपर्यंत संरक्षित राहतील. सुरतेचे कवी नर्मद 1886 सालीच वारले, तेव्हा त्यांचा निबंध कोणीही अनुवादावा. उमाशंकर जोशींच्या लेखनाच्या अनुवादास मात्र 2048 अखेरपर्यंत अनुमती लागेल. शिवाय जुन्या लेखनाचा नवा अनुवाद ही अनुवादकाची स्वतंत्र मालमत्ता असते, हेही विसरू नये.

परवानगी मागणे म्हणजे याचना नव्हे. कोणता उतारा, किती प्रती, विक्रीसाठी की विनामूल्य, एवढे लिहून प्रकाशकास वा वारसांस पत्र धाडावे. उताऱ्याखाली लेखकाचे नाव द्यावे आणि मजकुराची मोडतोड करू नये. कारण कर्तृत्वाचा मान हा आर्थिक हक्काहून वेगळा असा लेखकाचा अधिकार आहे. कवितेखालचे नाव वाचून मुलाला कळते, की हे शब्द कोणा माणसाने घडविले आहेत. उद्या तेच मूल लिहू लागेल, तेव्हा त्याच्याही शब्दांना हाच मान मिळावा.