लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी आहे, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही

तासगाव : द्राक्षाची छाटणी सुरू झाली की तालुक्यात बाहेरचे मजूर येतात. मागोमाग ऊसतोडीच्या टोळ्या, पुढे बेदाणा शेडवर काम. गावात अनोळखी तोंडं वाढतात आणि लहान मुलं असलेल्या घरात धाकधूकही वाढते. अशा वेळी ग्रुपवर एखादा फोटो येऊन पडतो. खाली लिहिलेलं असतं, ‘याचं नाव सरकारच्या बलात्काऱ्यांच्या यादीत आहे, दिसला की धरा, सगळ्यांना पाठवा.’ पाठवणाऱ्याला वाटतं आपण चांगलंच काम केलं. पण ती यादी त्यानं बघितलेली नसते, कारण ती सामान्य माणसाला बघताच येत नाही.

यादी मात्र खरोखर आहे. केंद्रीय गृह मंत्रालयानं 20 सप्टेंबर 2018 रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. सुरुवातीलाच तीत सुमारे 4 लाख 40 हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो, छेडछाड अशा गुन्ह्यांत कोर्टानं दोषी ठरवलेल्यांची ही नोंद. तपासासाठी ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना उघडते. त्याच दिवशी सरकारनं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं संकेतस्थळही सुरू केलं, ते मात्र सगळ्यांसाठी आहे. दोन्हीत गल्लत करू नका. मोबाईलवर ‘यादीची लिंक’ म्हणून काही आलं तर ते सरकारी नाही एवढं पक्कं.

मग यादी लोकांपुढे का ठेवत नाहीत, असा प्रश्न पारावर हमखास निघतो. अमेरिकेत ठेवतात. तिथं 1996 पासून देशभर कायदाच आहे, नाव, फोटो, पत्ता नेटवर दिसतो. त्याचं काय होतं तेही बघायला हवं. 2006 साली मेन राज्यात एका तरुणानं त्या यादीतून पत्ते काढले आणि दोघांना घरी जाऊन गोळ्या घातल्या. मेलेल्यातला एक 24 वर्षांचा होता. स्वतः एकोणीस वर्षांचा असताना सोळाला काही दिवस कमी असलेल्या मैत्रिणीशी संबंध ठेवले म्हणून त्याचं नाव यादीत गेलेलं. यादीनं नाव सांगितलं, गुन्हा कसला ते मारणाऱ्यानं बघितलं नाही. इंग्लंडनं वेगळी वाट धरली. आपल्या मुलाच्या जवळ येणाऱ्या एखाद्या माणसाबद्दल शंका असेल तर पालक पोलिसांना विचारू शकतात. धोका वाटला तर पोलीस फक्त मुलाची काळजी घेणाऱ्यालाच सांगतात, आणि त्यानं ते गावभर करायचं नसतं.

आपल्याकडं तर यादी नसतानाच माणसं मेलीत. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. सप्टेंबर 2022 मध्ये हेच आपल्या जिल्ह्यात झालं. जत तालुक्यातल्या लवंगा इथं उत्तर प्रदेशच्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, तेवढ्यावरून मुलं चोरणारे म्हणून त्यांना पट्ट्यानं, काठीनं मारलं. त्यांची आधार कार्डं खरी निघाली. ते वाचले, हे नशीब.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार-पाच जण सहज निघतात. सातबाऱ्यावर बापाचं नाव बघूनही लोक चुकतात, तिथं अंधुक फोटोवरून माणूस कसा ठरवणार? काही पोरं कोर्टाच्या ॲपवर नाव टाकून केस शोधतात. केस दिसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. ती चालू असेल, नाहीतर माणूस सुटलाही असेल. न्यायालयात न ठरलेला गुन्हा ग्रुपवर ठरवला तर बदनामीचा खटला आपल्यावर येतो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी निघते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे दरवर्षीचे आकडे बघा, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, पाव्हणा, घरातला. म्हणजे नजर छाटणीवाल्या मजुरावर आणि धोका ओसरीवर. आणि आरोपी नात्यातला असला की त्याचं नाव, फोटो टाकला तर पोरगी कोण ते गावाला लगेच कळतं. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पोक्सोच्या कलम 23 चीही बंदी आहे. मुलांवरच्या अत्याचाराचा व्हिडिओ ‘बघा काय केलंय’ म्हणून पुढं ढकलला तर तोही गुन्हा, हेतू कितीही चांगला असो.

मग विश्वास ठेवण्याआधी माणूस तपासायचा कसा? कामावर ठेवायच्या माणसाकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागता येतो. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर होतो. बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणानंतर शालेय शिक्षण विभागानं 21 ऑगस्ट 2024 रोजी शासन निर्णय काढला. शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, स्कूल बसचा चालक, कंत्राटदारानं पाठवलेला असला तरी त्याची पडताळणी हवी, तक्रारपेटी हवी, सखी सावित्री समिती हवी. आपल्या पोरांच्या शाळेत यातलं काय झालंय, हे पालक सभेत विचारायचा पुरेपूर हक्क आहे. ग्रुपवर शंभर मेसेज टाकण्यापेक्षा तिथं एकदा उठून विचारलेलं बरं. टोळी उतरली की मुकादमाकडून नावं आणि आधारच्या प्रती घेऊन पोलीस पाटलाकडं द्या. त्यात मजुरांचंही संरक्षण आहे, कारण उद्या अफवा उठली तर ही माणसं कोण ते सांगणारं कुणीतरी गावात असतं.

आणि खरंच काही कळलं, किंवा मूल काही बोललं, तर गप्प बसायची मुभा कायद्यात नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात जायला अवघड वाटत असेल तर 112 किंवा मुलांसाठीचा 1098 फिरवा. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो फौजदार दर्जाची महिला अधिकारी येते आणि ती वर्दीत नसते.