धोंडो : एका मागे पडलेल्या नावाची कुळकथा

धोंडो हे मराठी पुरुषनाम ‘धोंडा’ म्हणजे मोठा दगड या शब्दावरून आले आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सहज ऐकू येई. आज मात्र बारशाला हे नाव ठेवल्याचे क्वचितच कानावर येते. देवाचे, पूर्वजाचे किंवा एखाद्या सद्गुणाचे नाव मुलाला द्यायचे सोडून आईबाप त्याला दगड का म्हणत, याचे उत्तर त्या काळच्या बालमृत्यूंत आहे. नावाचा उगम तिथेच आहे आणि ते मागे पडण्याचे मोठे कारणही तेच.

नावाची रूपे अनेक आहेत. धोंडो हे ओकारान्त रूप मोरो, नारो, विसो, केरो या जुन्या नावांच्या वळणाचे आहे. मान द्यायचा झाला की त्याचे धोंडोपंत होई. देशावरच्या शेतकरी आणि बलुतेदार घरांत धोंडीबा, धोंडीराम ही रूपे रुळली. धोंडू, धोंडी, धोंड्या ही घरगुती हाक. मुलींनाही हे नाव दिले जाई. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांच्यामुळे ते रूप संगीतरसिकांच्या परिचयाचे आहे.

हे नाव बहुधा पहिल्या मुलाला मिळत नसे. आधीची एकदोन मुले दगावलेली असत आणि पुढचे मूल जगावे म्हणून घरची माणसे जिवाच्या आकांताने उपाय शोधत. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाची होण्याआधीच जात. देवी, गोवर, हगवण, धनुर्वात यांपुढे घरचे औषध चालत नसे आणि डॉक्टर गावोगाव नव्हते. मृत्यूचे कारण कळत नसले की ते दृष्टीत, करणीत किंवा सटवाईने लिहिलेल्या लेखात शोधले जाई. गोड, देखणे, लाडाचे मूल आधी नजरेत भरते, अशी समजूत होती. म्हणून त्याचे मोल मुद्दाम कमी करून सांगायचे. गालावर काजळाची तीट लावण्यामागे जो विचार, तोच या नावामागेही होता. हा नुसता धोंडा आहे, याला नेऊन काय मिळणार, असे मृत्यूला बजावण्याचा तो प्रयत्न होता.

अशा नावांचे एक मोठे कुटुंबच मराठीत होते. दगडू हा धोंडोचा सख्खा भाऊ. केरावरून केरो, केरू, केरोबा, उकिरड्यावरून उकिर्डा, भिकेवरून भिकू, भिकाजी, नथीवरून नथू. काही नावांमागे प्रत्यक्ष विधी असे. मूल क्षणभर केरावर किंवा उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, म्हणजे ते आपले नव्हेच, सापडलेले आहे असा देखावा होई. भिकाजीसाठी शेजारपाजारी मागून आणलेले कपडे बाळाला घालत. नथूच्या बाबतीत मुलाचे नाक टोचून तो मुलगी असल्याचा भास निर्माण केला जाई. ही नावे केवळ गरिबाघरची नव्हती. गणित आणि ज्योतिषाचे नामांकित अध्यापक केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांचे नाव या वळणाचे होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणजे विष्णू भिकाजी गोखले (१८२५–१८७१) यांच्या वडिलांचे नावही तसेच.

ही रीत महाराष्ट्रापुरती नव्हती. बंगालमध्ये तिनकौडी, पाँचकौडी अशी नावे ठेवत, म्हणजे मूल तीन किंवा पाच कवड्यांना विकत घेतलेले. तमिळ मुलखातील कुप्पन, कुप्पुस्वामी ही नावे ‘कुप्पै’ म्हणजे केरकचरा या शब्दावरून आली आहेत. भाषा बदलल्या, तरी मुलाची किंमत शून्य दाखवून त्याला राखण्याची युक्ती सगळीकडे एकच राहिली.

तरीही धोंडो आणि केरू यांत एक फरक आहे. केर टाकायचा असतो. दगडाला मराठी मुलखात पूजेचेही स्थान आहे. म्हसोबा, वेताळ, बिरोबा यांची ठाणी पुष्कळदा शेंदूर फासलेल्या, न घडवलेल्या दगडांची असतात. अवयव नसलेल्या अशा देवपाषाणाला तांदळा म्हणतात आणि अनेक देवींची मूळ स्थाने तांदळ्याच्याच रूपात आहेत. शिवाय दगड ऊनपावसात टिकतो. त्यामुळे या नावात वरवरची हेटाळणी, आतली देवभक्ती आणि मूल दगडासारखे टणक व्हावे ही इच्छा अशा तिन्ही गोष्टी एकत्र राहू शकल्या. धोंडीबा आणि धोंडीराम या रूपांत ‘बा’ आणि ‘राम’ जोडले गेले, तेव्हा दगडाला देवाची जोडही मिळाली.

धोंडोशी दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली धुंडिराज या नावाशी. धुंडिराज किंवा ढुंढिराज हे काशीच्या गणपतीचे नाव असून त्याचा दगडाशी संबंध नाही. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके होते, धोंडो नव्हे. दुसरी गल्लत अधिक मासाशी. साधारण पावणेतीन वर्षांनी येणाऱ्या या जादा महिन्याला मराठीत धोंड्याचा महिना म्हणतात आणि जावयाला अनारसे किंवा पुरणाचे धोंडे देऊन वाण देतात. त्याच महिन्याचे दुसरे नाव पुरुषोत्तम मास, आणि त्यात जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा पुरुषोत्तम ठेवले जाई. मूल जगावे म्हणून ठेवलेल्या धोंडोला मात्र महिन्याचे बंधन नव्हते.

इतिहासात हे नाव अनेक ठिकाणी भेटते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कर्नाटकात फौज उभी करून इंग्रजांना सतावणारा धोंडजी वाघ १८०० मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढताना मारला गेला. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते आणि इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नाना धोंडू पंत’ असा येतो. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथाची रचना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाची आहे. धोंडीबा प्रश्न विचारतो, शंका काढतो आणि जोतीराव उत्तरे देतात. गावोगाव आढळणारे नाव त्या प्रश्नकर्त्याला शोभून दिसते.

या नावाचे सर्वांत प्रसिद्ध मानकरी म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला, पुण्याजवळ हिंगण्याला स्त्रीशिक्षणाचे काम उभारले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयातीतच त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे होऊन ते गेले. ज्या नावामागे मूल जगावे एवढीच मागणी असे, त्याच्या वाट्याला इतके दीर्घायुष्य आले. पण लोकांच्या तोंडी ते अण्णा किंवा महर्षी कर्वेच राहिले. रस्त्यांना आणि संस्थांना त्यांचे नाव देतानाही धोंडो बहुधा गळून पडते.

नाव मागे पडले त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे त्याचे कामच संपले. देवीची लस, प्रतिजैविके, धनुर्वाताची इंजेक्शने आणि दवाखान्यातील बाळंतपणे यांमुळे मुले जगू लागली. भारतात १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ अर्भके दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. कुटुंबे लहान झाली आणि एकदोन मुलांच्या घरात नाव हौसेने शोधले जाऊ लागले. लहान कुटुंबाचा विचार महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत धीटपणे मांडणाऱ्यांत महर्षी कर्व्यांचे पुत्र रघुनाथ होते. १९२७ ते १९५३ ही वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा प्रचार केला.

दुसरे कारण शहरी अभिरुचीचे. लेकराला राखणारी हेटाळणी कालांतराने खरीच हेटाळणी वाटू लागली. पायावर धोंडा पाडून घेणे, गळ्यात धोंड असणे अशा वाक्प्रचारांत हा शब्द संकटाचा आणि ओझ्याचा आहे, तर ‘दगड’ ही मठ्ठ मुलासाठी शाळेतली शिवी. विनोदी नाटका-चित्रपटांतून धोंडू, दगडू ही नावे गावंढळ गडी किंवा वाह्यात पोरगा यांना चिकटली. २०१४ च्या ‘टाइमपास’ चित्रपटातील दगडू घराघरांत पोचला, पण म्हणून कोणी मुलाचे नाव दगडू ठेवल्याचे ऐकिवात नाही.

दलित समाजात या नावांना आणखी एक धार होती. तिथे हलके नाव केवळ मुलाला राखण्यासाठी नसे; चांगली नावे वरच्या जातींची, अशी गावाची दहशतही त्यामागे असे. आंबेडकरी चळवळीने स्वाभिमानाच्या प्रश्नांत नावाचाही प्रश्न आणला. ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकातील निवेदक या दगडूशीच बोलतो आणि मागे टाकलेले आयुष्य त्याच्याकडून वदवून घेतो.

आता धोंडो हे नाव बहुतेक ठिकाणी मधल्या नावाच्या जागी उरले आहे. मराठीत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची पद्धत असल्याने एका पिढीने सोडलेले नाव पुढच्या पिढीच्या सहीत टिकून राहते. र. धों. कर्वे, ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर (१८९३–१९६१) आणि रानातली कविता लिहिणारे ना. धों. महानोर (१९४२–२०२३) या तिघांच्या नावांतला ‘धों.’ म्हणजे धोंडोच. मधे येणारे हे अक्षर वाचकांच्या इतके परिचयाचे झाले आहे की त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. याखेरीज ग्रामीण महाराष्ट्रातील वयस्कर पिढीत धोंडीबा आणि धोंडीराम अजून आढळतात. मल्हारसारखी काही जुनी नावे अलीकडे पुन्हा आवडीची झाली आहेत, पण त्यांच्या मागे देव किंवा पराक्रम आहे. धोंडोच्या मागे होती ती मूल गमावण्याची भीती, आणि ती ओसरल्यावर हे नाव पुन्हा ठेवण्याचे कारण उरलेले नाही.