यावलचं कॅथेड्रल नाशकात

कॅथेड्रल म्हणजे? धर्मप्रांताच्या बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये असतं, ते कॅथेड्रल. इमारत भव्यच हवी असं नाही.

आपलं कोणतं? यावलसह जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. स्थापना १९८७, पहिले बिशप थॉमस भालेराव. कॅथेड्रल नाशकातलं होली क्रॉस.

मग इटलीत गावोगावी कॅथेड्रल कशी? तिथे जुने, छोटे धर्मप्रांत पुष्कळ. १९८६मध्ये अनेकांचं एकत्रीकरण झालं. बिशपचं आसन हललं, तरी बऱ्याच छोट्या गावांतल्या चर्चकडे सह-कॅथेड्रलचा मान राहिला.

कॅथेड्रलच्या बांधणीत दिसणारी एक शैली, नवअभिजात : अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात रुजली. दर्शनी बाजूला ग्रीक-रोमन धाटणीचे खांब, त्यांवर त्रिकोणी शिरोभाग, डावी-उजवी बाजू सारखी, नक्षी बेताची.

पाहायला जायचं तर : जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल. बांधकाम १५६२ ते १६१९, म्हणजे या शैलीच्याही आधीचं. खांबांची धाटणी बाहेरून साधी टस्कन, आत कोरिंथियन. मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या जीवनातले प्रसंग सोनेरी मुलाम्यात कोरलेले. दर्शनी भाग एका बाजूला मोकळा दिसतो, कारण तिथला मनोरा १७७६मध्ये कोसळला. तो पुन्हा बांधलाच नाही.