खारा वारा आणि सळई

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात खांदेरीचा दुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये त्याची उभारणी सुरू केली. त्याच्या दगडी तटावर तीन शतकांहून अधिक काळ लाटा आदळत आहेत. उलट, किनाऱ्यालगतच्या काँक्रीटच्या कित्येक घरांत थोड्याच वर्षांत छताचे पोपडे सुटून तांबूस सळया उघड्या पडतात. दगडी तटात नसलेली आणि या घरांत असलेली वस्तू म्हणजे पोलादी सळई!

मग सळई घालायचीच कशाला? काँक्रीट दाब उत्तम सोसते. पण ताण सोसण्याची त्याची शक्ती त्याच्या सुमारे एक दशांशच असते. दोन भिंतींवर टेकलेली तुळई भाराने वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. म्हणून मुख्य सळया तळाशी घालतात. सज्जा एकाच बाजूने धरलेला असतो. तेथे ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून सळयाही वर हव्यात.

ताणाचा विचार केला, तर सळई पृष्ठभागाच्या जितकी जवळ तितकी बरी. मग ती अगदी कडेलाच का ठेवू नये? येथे रसायनशास्त्र आडवे येते. सिमेंटमधील चुन्यामुळे काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. अशा परिसरात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, संरक्षक थर बसतो. खाऱ्या तुषारांतील क्लोराइड छिद्रांतून झिरपून हा थर भेदते. मग पाणी व ऑक्सिजन मिळताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने काँक्रीट आतून फुटते.

म्हणूनच भारतीय मानक ४५६ (२०००) किनारी हवेत सळईवर ४५ मिलिमीटर, तर लाटांचे तुषार उडतात तेथे ५० मिलिमीटर आवरण सांगते. विसरणाला लागणारा काळ स्थूलमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे आवरण निम्मे केले, तर सळईपर्यंत क्षार पोचण्यास एक चतुर्थांशच काळ पुरतो. काही मिलिमीटरची हयगय किती महाग पडते पहा! पणजीचा मांडवी पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, त्यामागेही पोलादी तारांचा गंजच होता.

गंजरोधक सळई निवडली तरी काँक्रीट सच्छिद्र असेल तर ती फार काळ तग धरत नाही. म्हणून समुद्राची वाळू व खारे पाणी वर्ज्य करावे, सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवावेत, काँक्रीट नीट ठासावे आणि त्यावर पुरेसे दिवस पाणी मारावे.

एक प्रयोग करून पहा. तीन पेल्यांत अनुक्रमे साधे पाणी, चुन्याची निवळी आणि मीठ घातलेली निवळी घ्या. प्रत्येकात घासून स्वच्छ केलेला एकेक खिळा बुडवा. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका. दोन आठवडे रोज निरीक्षणे लिहा. तिसऱ्या पेल्यातील खिळ्यावर काय दिसते, आणि का?