डाव अडला म्हणजे

बुद्धिबळ शिकू लागलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती घोड्याच्या अडीच घरांची. ती आठपंधरा दिवसांत सुटते. दुसरी अडचण मात्र वर्षे गेली तरी सुटत नाही, आणि तिच्याबद्दल कुणी फारसे बोलतही नाही. सुरुवातीच्या दहाबारा खेळ्या झालेल्या असतात. घोडे आणि उंट बाहेर आलेले असतात, राजाचा किल्लेकोट झालेला असतो. मारण्यासारखे काही दिसत नाही, शह देण्यात अर्थ नसतो. समोरचा गडी सुपारी कातरत स्वस्थ बसलेला असतो आणि आपण पटाकडे पाहात मनाशी म्हणतो, "आता काय करावं बुवा?"

या घटकेला बहुतेक जण काय करतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कडेचे एखादे प्यादे एक घर पुढे सरकवतात. तेवढेच काहीतरी केल्याचे समाधान! पण या समाधानाची किंमत पुष्कळ मोजावी लागते. सगळ्या मोहऱ्यांत कधीच मागे न येणारे एकच, ते म्हणजे प्यादे. घोडा भलत्या घरी गेला तर दोन खेळ्या वाया घालवून का होईना, परत आणता येतो. प्यादे गेले की गेले. शिवाय जाताना ते आपल्या मागे घरे उघडी टाकून जाते. राजापुढची तीन प्यादी म्हणजे त्याच्या वाड्याची भिंत. त्यांतले मधले प्यादे एक घर पुढे सरकले, की त्याच्या दोन्ही अंगांची दोन घरे कोणतेच प्यादे राखीत नाही. शत्रूचा उंट किंवा वजीर तिथे येऊन बसतो, आणि मग आपण म्हणतो, डाव कुठे बिघडला कोण जाणे! डाव बिघडला तो काही सुचत नव्हते तेव्हा.

मग पुष्कळ विचार केला म्हणजे सुचेल काय? थोडा हिशेब करून पाहू. डावाच्या पहिल्या खेळीला पांढऱ्याला २० खेळ्या करता येतात आणि काळ्यालाही २०. म्हणजे दोघांची एकेक खेळी झाली की ४०० वेगवेगळ्या मांडण्या संभवतात. डाव मध्यावर आला म्हणजे एका वेळी तीसपस्तीस खेळ्या शक्य असतात. मी ही केली तर तो ती करील, मग मी ही, मग तो ती, असे दोघांच्या दोन-दोन खेळ्यांपर्यंतच मोजत गेलो तरी हिशेब आठदहा लाखांच्या घरात जातो. हे काम यंत्राचे, माणसाचे नव्हे.

मोठे खेळाडू तरी हे करतात का? हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू असलेले आड्रियान द ग्रोट यांनी याच गोष्टीचा अभ्यास करून १९४६ साली प्रबंध लिहिला. त्यांनी नामांकित खेळाडूंना पट मांडून दिला आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत विचार करायला सांगितले. आढळले ते असे, की हे खेळाडू सामान्य चांगल्या खेळाडूंपेक्षा फार अधिक खेळ्या मोजीत नाहीत किंवा फार खोलही जात नाहीत. पटाकडे पाहताच त्यांना मुद्द्याची जागा दिसते. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी दाखवून दिले, की खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर उत्तम खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडतो, पण तेच मोहरे कसेही विखरून ठेवले तर त्याची ही करामत जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. मोहऱ्यांचे आपसांतले नाते त्याला दिसते, इतकेच. आणि जे दिसण्यासारखे आहे ते शिकवण्यासारखेही असते, म्हणून शिक्षक बंधुभगिनींचे लक्ष मी याकडे मुद्दाम वेधतो आहे.

पहायचे काय, याला माझ्या मते एक साधी वाट आहे. "कोणती खेळी करू?" हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि विचारावे, "माझा कोणता मोहरा नुसता बसून आहे?" सर्वांत वाईट जागी असलेला मोहरा शोधा आणि त्याला चांगल्या जागी न्या, हा नियम बाकूचे खेळाडू व्लादिमिर माकोगोनोव्ह यांच्या नावावर सांगितला जातो. नांगराला तीन जोड्या जुंपल्या आणि त्यांतला एक बैल नुसताच चालतो आहे, ओढीत नाही, असे झाले तर शेतकरी पुढच्या बैलाला चाबूक मारीत नाही, त्या एकाकडे बघतो. पटावर आपण नेमके उलटे करतो. जो वजीर आधीच धावतो आहे त्यालाच आणखी पळवतो आणि कोपऱ्यातला हत्ती डाव संपेपर्यंत कोपऱ्यातच राहतो.

बसून असलेला मोहरा ओळखायचा कसा? मोजून. रिकाम्या पटाच्या कोपऱ्यात घोडा ठेवा, त्याला जायला दोनच घरे आहेत. कडेच्या मध्यावर ठेवा, चार होतात. पटाच्या मध्यभागी ठेवा, आठ. तोच घोडा, पण चौपट कामाचा. उंटाला कोपऱ्यातून सात घरे मिळतात, मध्यभागातून तेरा. हत्तीची गंमत निराळी आहे. रिकाम्या पटावर तो कुठेही ठेवला तरी चौदाच घरे राखतो. म्हणून हत्तीला मध्यभागी आणण्याची घाई नको, त्याला हवी असते मोकळी उभी ओळ, जिच्यात प्यादी उरलेली नाहीत अशी. आपलेच प्यादे पुढ्यात असेल तर हत्ती दाराला बांधल्यासारखा असतो.

उंटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक उंट एकाच रंगाच्या घरांवरून आयुष्यभर चालतो. आपली प्यादीही त्याच रंगाच्या घरांवर रोवून बसली असतील, तर तो उंट आपल्याच कुंपणात अडकतो. अशा वेळी एक तर प्यादी दुसऱ्या रंगाच्या घरांवर न्यावीत, नाही तर तो उंट शत्रूच्या चांगल्या मोहऱ्यावर मारामारीत देऊन टाकावा.

मोहरा सापडला, आता तो न्यायचा कुठे? इथेच पुष्कळांचे घोडे पेंड खाते. शत्रूच्या मुलखात अशी घरे हुडकावीत, की जिथून आपल्या मोहऱ्याला त्याच्या प्याद्याने हुसकता येणार नाही. शेजारच्या दोन्ही उभ्या ओळींतली त्याची प्यादी मारली गेली असतील किंवा पुढे निघून गेली असतील, तर ते घर पडीक झाले म्हणून समजा. घोडा अशा घरात जाऊन बसला, की खुंट ठोकल्यासारखा बसतो. मघाशी आपण जे वायफळ प्यादे सरकवण्याची गोष्ट बोललो, त्याचा दुसऱ्या बाजूने अर्थ हाच. आपण घर पडीक टाकले, त्याने घोडा आणून बसवला. १८८६ साली पहिले जगज्जेतेपद मिळवणारे स्टाइनिट्झ यांची सगळी शिकवण या कच्च्या जागांभोवती फिरते. चढाई मनात आले म्हणून करायची नाही, शत्रूच्या घरात कच्ची जागा असेल तिथेच करायची.

कोणत्या बाजूने खेळावे हाही असाच नेहमीचा पेच. १९१९ साली इंग्लंडात हेस्टिंग्ज येथे विंटर आणि कापाब्लांका यांचा डाव झाला. कापाब्लांका काळे मोहरे घेऊन खेळत होते. पांढऱ्याचा एक उंट त्यांच्या घोड्याला जखडून बसला होता. त्यांनी राजाच्या बाजूची प्यादी पुढे करून त्याला मागे मागे रेटले आणि प्याद्यांची भिंत अशी उभी केली, की तो उंट तिच्याआड कोंडला गेला. तो मेला नव्हता, पटावर होता, पण त्याला करायला काही काम नव्हते. यानंतर कापाब्लांकांनी काय केले? कोंडलेल्या उंटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. वजीर एकमेकांना मारून निघून गेलेलेच होते. त्यांनी सरळ पटाच्या दुसऱ्या बाजूला, वजिराच्या अंगाला, लढाई उघडली. तिथे तो उंट पोचू शकत नव्हता, म्हणजे तिथे ते एका मोहऱ्याने वरचढ होते. २९ व्या खेळीला डाव संपला. मोहऱ्यांची संख्या सबंध पटावर न मोजता जिथे लढाई आहे तिथे मोजावी, हे समजावून द्यायला मला याहून चांगला डाव माहीत नाही.

दुसरा डाव १९९१ चा, हॉलंडमधील टिलबर्गचा. इंग्लंडचे नायजेल शॉर्ट पांढरे, तिथलेच यान टिमान काळे. पांढऱ्याचा वजीर काळ्या राजाच्या अगदी दाराशी येऊन बसला होता, हत्ती सातव्या आडव्या ओळीत शिरला होता. काळ्याला हालचालीला वाव नव्हता. पण मात काही होत नव्हती, कारण वजिराला मदत करायला एक मोहरा कमी पडत होता. बाकीचे सगळे कामात गुंतलेले. रिकामा कोण? राजा! पट मोहऱ्यांनी भरलेला, दोन्ही बाजूंचे वजीर आणि हत्ती जिवंत, आणि अशा वेळी शॉर्ट यांनी कोटातला राजा बाहेर काढून एकेक घर चालवत शत्रूच्या राजाकडे नेला. चार खेळ्या राजा चालला आणि टिमान यांनी डाव सोडला, कारण आणखी एक पाऊल पडले असते तर मात चुकत नव्हती. राजाने असे हिंडू नये हे आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण "कोण बसून आहे?" हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर उत्तर कधीकधी असे निघते.

तरी एक सांगून ठेवतो. हे सगळे बेत आखण्याआधी शह, मार आणि धमकी यांवरून एकदा नजर फिरवावी. आपला घोडा फुकट मरतो आहे आणि आपण हत्तीच्या मोकळ्या ओळीचा विचार करतो आहोत, असे व्हायला नको. आणि समोरच्या गड्याने नुकतीच केलेली खेळी कशासाठी केली, हे स्वतःला विचारावे. १९६३ ते १९६९ जगज्जेते असलेले पेट्रोशियन यांची ख्यातीच अशी, की प्रतिपक्षाला काय हवे आहे ते ते आधी ओळखत आणि त्याला ते मिळू देत नसत. आपल्याला काही सुचत नसेल तर त्याला काय सुचले आहे ते पाहावे. ते मोडून काढणे हाही बेतच आहे.

जागाच अपुरी असेल तर? एस. टी. गच्च भरली असली म्हणजे दोन माणसे उतरल्यावर बाकीच्यांना श्वास घेता येतो. तसेच इथे. आपण कोंडलेले असलो तर मोहऱ्यांची मारामारी करावी, शत्रू कोंडलेला असेल तर ती टाळावी.

खेड्यातल्या शाळेत एक तक्रार नेहमी ऐकू येते, की पुस्तके नाहीत, सुरुवातीच्या खेळ्यांचे पाठांतर नाही, मग पोरे पुढे जाणार कशी? त्यांना सुलतान खान यांचे नाव सांगावे. पंजाबातला हा माणूस देशी रीतीने बुद्धिबळ शिकलेला. त्या रीतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालते. १९२९ साली ते इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले, पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी प्रत्यक्ष कापाब्लांकांना हरवले. छापील सुरुवातींचे ज्ञान त्यांना बेताचेच होते, आणि पुष्कळदा डावाच्या आरंभी ते मागे पडत. त्यांची ताकद दिसे ती पुढे, मधल्या आणि शेवटच्या भागात, म्हणजे जिथे पाठांतर संपते आणि आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते सुरू होते. जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. उशीर झाला खरा. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर पोरीबाळीही पट मागू लागल्या आहेत. त्यांना नुसत्या चाली शिकवून भागणार नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चार पट असतील तर चार डाव लावावेत. बाराव्या खेळीला सर्वांना थांबवावे. प्रत्येकाने पाटीवर तीन गोष्टी लिहायच्या: माझा कोणता मोहरा बसून आहे, त्याला कोणत्या घरी न्यायचे, आणि समोरच्याला काय हवे आहे. पाट्या उलट्या ठेवून आणखी चार खेळ्या खेळू द्याव्यात आणि मग पाट्या सुलट्या करायला सांगाव्यात. पाटीवरचे घर आणि पटावरचे घर जुळले का, नसेल जुळले तर मध्ये कोण आडवे आले, एवढेच विचारायचे. त्या तासाला डाव कोण जिंकला हे विचारू नये.